एच१बीवर असताना के९९ मिळालं, माझा अनुभव

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की ताई, व्हिसावर असताना अमेरिकन सरकारचे ट्रेनिंगचे पैसे मिळतात का. मिळतात. मला के९९ नावाच्या ग्रँटमधून मिळाले, पण दुसऱ्या खेपेला.

पीएचडी पुण्यात झाली आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये मी पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या ट्रेनिंगला, इकडे अमेरिकेत आले. विषय दारूचं व्यसन, म्हणजे दारू सुटल्यावर काही दिवसांनी परत समोर आली की पिणं आधीपेक्षाही का वाढतं. लॅबमध्ये उंदीर. त्यांच्या खोलीतले दिवे बंद झाल्यावर तीन तासांनी पाण्याची बाटली काढायची, २० टक्के इथेनॉलची नळी लावायची आणि लाल दिव्याच्या उजेडात नळीवरची रेघ वाचत राहायचं, किती मिली उतरलं. कुणी जबरदस्ती करत नाही, तरी काही उंदीर नळीला अक्षरशः चिकटून बसतात, ते बघताना गावाकडची माणसं डोळ्यापुढे येतात.

या विषयाला पैसे देणारी मुख्य सरकारी संस्था म्हणजे एनआयएच या अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेतली दारूवरची संस्था एनआयएएए, १९७० पासूनची, सगळे तिला एन-आय-ट्रिपल-ए म्हणतात. तिच्या टी३२ आणि एफ३२ या ट्रेनिंगच्या ग्रँटमधून नवीन पोरांना ट्रेनिंग मिळतं, पण त्यासाठी सिटिझन किंवा ग्रीनकार्डवालेच लागतात. युनिव्हर्सिटीतल्या एका ऑफिसात मला सांगितलं की व्हिसावाल्यांना काहीच नाही, आणि मी ते खरं धरून जवळजवळ वर्ष घालवलं, त्याचा अजून राग येतो. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका चिनी पोस्टडॉकने सांगितलं की अगं जाहिरात स्वतः वाच. वाचली, तर के९९/आर०० ला नागरिकत्वाची अटच नाही! दोन वर्षांपर्यंत मेंटरच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या, हाताखाली, मग स्वतःची फॅकल्टीची नोकरी मिळाली की तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या लॅबसाठी पैसे. अट एकच कडक, पोस्टडॉकची चार वर्षं उलटायच्या आत अर्ज, आणि दुरुस्त करून परत टाकलेला अर्जसुद्धा त्याच चार वर्षांत बसला पाहिजे.

१२ जून २०१९ ला पहिला अर्ज टाकला. स्कोअर आला ४४. इथे उलटं असतं, १० सगळ्यात चांगला, ९० सगळ्यात वाईट. रिव्ह्यू उघडले तर प्रयोगांवर फारसा आक्षेप नव्हताच, तिघांचंही म्हणणं एक, की ही मुलगी या दोन वर्षांत नवीन काय शिकणार ते कळत नाही आणि मेंटरपासून वेगळी कशी होणार तेही कळत नाही. मी सगळा जीव सायन्सवर लावला होता आणि ट्रेनिंग प्लॅन शेवटच्या आठवड्यात उरकला होता. अरे, हे ट्रेनिंगचंच ग्रँट आहे ना! तुम्हाला काय येतं यापेक्षा काय येत नाही आणि ते कुणाकडून शिकणार हे ते विचारतात.

मग प्लॅन पहिल्यापासून लिहिला. मला पॅच क्लॅम्प, म्हणजे एकेका पेशीतला विजेचा प्रवाह मोजायचं तंत्र, येत नव्हतं, ते शिकवायला दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या मॅडमना को-मेंटर केलं, कुठल्या महिन्यात काय शिकणार ते मांडलं, आणि बॉसच्या पत्रात स्पष्ट लिहून घेतलं की हा प्रोजेक्ट ती बरोबर घेऊन जाईल. ते एक वाक्य मिळवायला तीन मीटिंगा लागल्या. आणि शिफारसपत्रं आपल्या हातात नसतात, ती सर लोक परस्पर सिस्टीममध्ये टाकतात, त्यामुळे महिनाभर आधीपासून मागे लागा, लाजू नका.

१२ मार्च २०२० ला परत टाकला, चार वर्षं भरायला पाच महिने राहिले होते, म्हणजे ही शेवटचीच संधी, आणि त्याच आठवड्यात कोविडमुळे कॅम्पस बंद व्हायला लागला. रिव्ह्यू ऑनलाइन झाला. स्कोअर २४.

पैसे मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा आईला फोन केला. तिने पहिलं विचारलं, यातून आपल्याकडच्या लोकांना औषध मिळेल का गं? मी म्हटलं, आई, नाल्ट्रेक्सोन आहे, इथे १९९४ मध्येच दारूसाठी मंजूर झालंय, भारतातही मिळतं, पण काहींना लागू पडतं आणि काहींना नाही, ते का, हे शोधायचंय. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, शोध.