धोक्याच्या पातळीचा आकडा बदलतो तेव्हा

पंचगंगा फुगली की कोल्हापुरात सगळे एकच विचारतात, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. जिल्ह्यातल्या नद्या-बंधाऱ्यांची माहिती आम्ही काही जण एका छोट्या मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडियाच्याच प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळावर, लिहितो. ऐन जुलैत एका संध्याकाळी कुणीतरी नेमकं हेच पान धरलं.

नव्या खात्यावरून अख्खं पान पुसून शिव्या टाकलेल्या. अशा वेळी हात रोलबॅककडे, म्हणजे एका टिचकीत बदल उलटवणाऱ्या बटणाकडे, जातो. पण रोलबॅक फक्त शेवटच्या सदस्याचे सलग बदल काढतं. त्याआधीची आवृत्ती चांगली की वाईट, हे ते बघत नाही. म्हणून इतिहास उघडला, ओळखीच्या सदस्याची शेवटची आवृत्ती घेतली आणि फरक ताडला. शिव्यांच्या आधी दुसऱ्याच नव्या खात्यानं ४३ चे ४८ केले होते. नुसत्या रोलबॅकनं ४८ तसाच राहिला असता. नदीकाठच्या घरांना ही पाच फुटं फार महागात पडली असती. शिव्या मी विसरेन, हा आकडा नाही. ती जुनी आवृत्ती संपादनासाठी उघडून तशीच जतन केली. दोन्ही बदल एकदम गेले.

पान अर्धसुरक्षित, म्हणजे नव्या खात्यांना बंद, करून भागत नाही. मीडियाविकीत ऑटोकन्फर्म्ड (असं पान बदलू शकणारा सदस्य) होण्याची अट मुळात शून्य दिवस, शून्य संपादनं असते. आत्ता उघडलेलं खातंही आत शिरतं. लोकलसेटिंग्ज या विकीच्या मांडणीच्या फाइलमध्ये ४ दिवस (सेकंदांत ३,४५,६००) आणि १० संपादनं घातली.

चेकयूजर या साधनात त्या खात्यांचे इंटरनेट पत्ते पाहिले. आयपीव्ही६ चा एकच पत्ता अडवून उपयोग नसतो, फोन शेवटचे ६४ बिट बदलत राहतो. /६४ चा, म्हणजे पहिले ६४ बिट सारखे असलेला, अख्खा पट्टा अडवला. मोबाइलच्या आयपीव्ही४ पत्त्यामागे मात्र असंख्य गिऱ्हाइकं असतात, आपलेच लिहिणारे अडकतात. तिथं काही तासच.

खरा आधार अब्यूजफिल्टरचा, म्हणजे बदल जतन होण्याआधी तपासणाऱ्या नियमाचा. दहापेक्षा कमी संपादनं, कुठल्याही बंधाऱ्याचं पान, आणि बदललेल्या ओळीत ‘फूट’ शब्दाशेजारी आकडा, देवनागरी किंवा इंग्रजी. आधी फक्त नोंद ठेवायला लावलं. त्यात रोजची पातळी भरणारा एक प्रामाणिक नवा सदस्य सापडला, म्हणून नियम ‘इशारा’ आणि ‘धोका’ असलेल्या ओळींपुरता आवळला, मग बदल नाकारायला लावले. नियम खासगी ठेवला.

बदलाच्या सारांशात फक्त ‘जुनी आवृत्ती’ लिहिलं, खोडसाळपणा करणाऱ्याच्या चर्चापानावर अक्षरही नाही. उत्तर मिळालं की असा माणूस रात्रभर ठाण मांडतो. पानाची अर्धसुरक्षा पावसाळाभर राहील; नव्यांनी दुरुस्ती पानाच्या चर्चेत सुचवावी, ती उघडी आहे.