आंबोलीच्या पावसातली कोरडी चादर

आंबोलीला जुलैमध्ये जाणारे बहुतेक लोक धबधब्यासाठी जातात, आणि राहण्याची जागा ठरवताना खोलीच्या खिडकीतून दरी दिसते का, गरम पाणी मिळते का, एवढेच विचारतात. मी मात्र या प्रवासातून एकाच गोष्टीचा विचार करत परतले आहे: अशा पावसात पाहुण्याला स्वच्छ, कोरडी चादर देणे म्हणजे नेमके काय काय करणे असते.

मुंबईहून रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्यात बसले, तेव्हा खाकी कागदाच्या पाकिटातून दोन पांढऱ्या, इस्त्री केलेल्या चादरी हातात आल्या. करोनाच्या काळात, मार्च 2020 पासून जवळजवळ दोन वर्षे, ही सोय बंद होती. मार्च 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. चादरी दोन का असतात, याकडे अनेक प्रवासी लक्ष देत नाहीत. एक खाली अंथरायची आणि दुसरी अंग आणि ब्लँकेट यांच्या मध्ये घ्यायची असते, कारण चादर प्रत्येक वापरानंतर धुतली जाते आणि ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा, असे रेल्वेने संसदेत सांगितलेले आहे. दुसरी चादर तशीच घडीत ठेवून ब्लँकेट थेट गळ्यापर्यंत ओढून घेणारे सहप्रवासी मी नेहमी पाहते आणि शक्य असेल तेव्हा शेजारच्यांना हे सांगतेही.

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला पोहोचले तेव्हा धुके इतके दाट होते की, रस्त्याच्या पलीकडची दुकाने दिसत नव्हती. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवरचे हे गाव राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. ज्या लॉजवर उतरले होते, तिथली खोली झाडलेली होती, न्हाणीघर स्वच्छ होते, चादरही डागरहित होती. पण तिच्यावर तळहात टेकवला तेव्हा ती गार आणि किंचित जड लागली, आणि अभ्र्याला कुबट वास येत होता. ती धुतलेली होती यात मला शंका नाही. ती वाळलेली नव्हती.

सुती कापड हवेतली वाफ स्वतःत शोषून घेते. नेहमीच्या मध्यम दमटपणाच्या हवेतही सुतामध्ये त्याच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि आंबोलीच्या धुक्यासारख्या जवळजवळ संपृक्त हवेत ते प्रमाण दुपटीहून अधिक होऊ शकते. पॉलिस्टर जवळजवळ काहीच पाणी धरत नाही, म्हणून पावसाळी गावांतले लॉजवाले मिश्र धाग्याच्या चादरी घेतात. त्या लवकर वाळतात, पण अंगाला चिकटतात आणि घाम टिपत नाहीत. ओलसर चादर अंगातली ऊब ओढून घेते, तिच्यात बुरशी धरते, आणि साबण नीट खंगाळलेला नसेल तर वासाबरोबर खाजही सुटते. त्या रात्री मी व्यवस्थापकांना दुसरी चादर मागितली. त्यांनी ती लगेच दिली, तीही तशीच होती. दोष त्यांच्या वृत्तीचा नव्हता. त्यांच्याकडे कपडे वाळवण्याची बंदिस्त, उबदार जागाच नव्हती.

झोपण्यापूर्वी गादीचा कोपरा उचलून पाहण्याची सवय मी तिथेही पाळली. ढेकूण गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे लपतात. काळपट ठिपके आणि टाकलेल्या कातीची पापुद्र्यासारखी सालपटे ही त्यांची खूण. ढेकूण म्हणजे मालकाची अस्वच्छता, हा समज मला अन्यायाचा वाटतो, कारण ते पाहुण्यांच्या सामानातून येतात आणि चकचकीत हॉटेलांतही सापडतात. म्हणून बॅग पलंगावर ठेवू नये, हे आपलेही कर्तव्य आहे. आंबोलीत तसे काही आढळले नाही.

तिथून खाली उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूला एका घरगुती निवासात राहिले. पाऊस इथेही थांबत नव्हता, तरी अंथरुणावर हात टेकवताच फरक कळला: चादर कोरडी होती, आणि तिला अगदी पुसट धुराचा वास होता. दुसऱ्या दिवशी मी घरच्या काकींना त्याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी मला मागच्या दाराच्या स्वयंपाकघरात नेले. चुलीपासून सुरक्षित उंचीवर, छपराच्या वाशांना बांधलेल्या दोऱ्यांवर चादरी पसरलेल्या होत्या. आधी त्या पडवीत निथळत ठेवायच्या, मग पंख्याखाली, आणि शेवटी चुलीच्या उबेला. एका चादरीला दोन दिवस सहज लागतात. त्यावर गरम इस्त्री, कारण उरलीसुरली ओल तीच घालवते. “वल्या चादरीर माणसाक झोप कशी लागतली?” एवढेच त्या म्हणाल्या.

पांघरायला गोधडी होती. गोधडी पावसाळ्यात धुता येत नाही. वाळायला आठवडा लागेल आणि आतून कुजेल. म्हणून त्यांनी प्रत्येक गोधडीला जुन्या सुती साडीची खोळ शिवली आहे, आणि पाहुणा बदलला की फक्त खोळ धुतात. मोठ्या हॉटेलांत रजईला कव्हर घालण्यामागे हेच शहाणपण आहे. पण अनेक मध्यम दर्जाच्या लॉजमध्ये जाड, फुलाफुलांचे ब्लँकेट उघडेच दिले जाते. तिथे आपण निःसंकोच आणखी एक चादर मागावी. हॉटेलच्या धंद्यात एका पलंगामागे किमान तीन संच धरतात, एक अंथरलेला, एक धुण्यात आणि एक कपाटात. काकींकडे पावसाळ्यासाठी पाच आहेत, आणि घरगुती निवासाच्या मानाने हा खर्च लहान नाही.

हे पाहिल्यावर मी त्यांना चादर रोज बदलू नका असे सांगितले. एकाच माणसाने वापरलेली कोरडी चादर दोन-तीन रात्री सहज चालते, आणि पावसात नाहक धुतलेली प्रत्येक चादर कोणाच्या तरी हातांना आणि चुलीच्या लाकडांना भारी पडते. टॉवेल मात्र मी रोज मागितला, कारण तो दिवसभरात वाळतच नव्हता.

आता पावसाळ्यात बॅगेत एक पातळ सुती चादर आणि एक अभ्रा ठेवते. दोन्ही मिळून जेमतेम अर्धा किलो भरतात. खोली ठरवताना फोनवर दरीच्या देखाव्याआधी विचारते की, चादरी कुठे वाळवता. ज्यांच्याकडे ती सोय आहे, ते या प्रश्नाचे उत्तर लगेच आणि तपशिलाने देतात.