पंचनाम्यातली तूर

मंगळवार, रात्री

आज एका खुनाच्या अपिलासाठी खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डच्या प्रती हातात आल्या. साडेतीनशेच्या वर पानं. जेवण झालं, भांडी आवरली आणि ओसरीतच बसले वाचायला.

अपिलाच्या वकिलाला साक्षीदार दिसत नाही. आरोपीही क्वचितच दिसतो, कारण तो नागपूरला वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात असतो. समोर असतो फक्त कागद. सत्र न्यायालयात जे विचारलं गेलं आणि जे लिहून घेतलं गेलं, तेवढ्यावरच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उभं राहायचं. उलटतपासणीत एखादा प्रश्न राहून गेला असेल तर तो राहूनच गेला.

हे आरोपीच्या घरच्यांना समजावणं फार जड जातं. या पोराचे वडील मागच्या महिन्यात आले होते. पहिल्या कोर्टासाठी बैलजोडी विकलेली. मी सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, वरच्या कोर्टात पुन्हा साक्षी होतीन का?"

"नाही काकाजी. झाल्या त्याच साक्षी जजसाहेब वाचतात."

"मंग त्यानं जे खोटं सांगतलं ते तसंच रायते काय?"

तसंच राहतं. फक्त ते खोटं आहे हे त्याच कागदांतून दाखवता आलं पाहिजे.

बुधवार

प्रकरण धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं. चुलत भावाभावांत दोन तासांच्या, म्हणजे पेरणीच्या दोन ओळींच्या, जमिनीवरून वर्षानुवर्षं धुसफूस, एकदा तहसीलपर्यंत गेलेली. डिसेंबरातल्या एका रात्री मोठा भाऊ शेतात मेलेला सापडला, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. शेजारच्या शेतातला एकजण रात्री हरभऱ्याला पाणी देत होता. मोटारघरापाशी उभा असताना आपण लहान्याला, म्हणजे या पोराला, वार करताना पाहिलं, असं त्याने कोर्टात सांगितलं. बाकी पुरावा लंगडा आहे. कुऱ्हाड जप्तीचा पंच फितूर झाला, आणि नागपूरच्या प्रयोगशाळेचा रक्तगटाचा अहवाल कुठल्याच बाजूचा नाही. सगळी जन्मठेप या एका साक्षीदाराच्या डोळ्यांवर उभी आहे. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून जुन्या दंड संहितेचं खुनाचं कलम ३०२. आज घडला असता तर नव्या न्याय संहितेचं १०३ लागलं असतं.

साक्ष चारदा वाचली. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, तो म्हणतो, मोटारघरावर बल्ब लागलेला होता, त्या उजेडात पाहिलं. पोलिसांपुढच्या जबाबात बल्बचा उल्लेख नाही. बचावाच्या वकिलांनी हे बरोबर हेरलं होतं. उलटतपासात उत्तर आहे: "मी पोलिसांना बल्बबाबत सांगितले होते. माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही." हे वाक्य मी शेकडो साक्षींत वाचलेलं आहे. त्यानंतर एकच पायरी उरते. तपासी अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याला विचारायचं, या साक्षीदाराने तुम्हाला बल्बचं सांगितलं होतं का? तो "नाही" म्हणाला की वगळणूक शाबीत होते, म्हणजे बल्बची गोष्ट साक्षीदाराने आधी सांगितलीच नव्हती हे ठरतं. तो प्रश्न विचारलेलाच नाही. अधिकाऱ्याची उलटतपासणी पाऊण पानात संपली आहे.

ते पाऊण पान पाहून मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. त्या वकिलांना दोष देऊन काही मिळत नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे किती प्रकरणं असतील, फी कधी मिळाली असेल, कोण जाणे. पण एका ओळीच्या प्रश्नाअभावी एक माणूस आत बसतो, आणि मला तो प्रश्न आता विचारता येत नाही.

गुरुवार, पहाटे

घटनास्थळ पंचनामा. सगळे जण तो शेवटी वाचतात, कारण त्याची भाषा ठराविक असते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, घटनास्थळी रक्ताने माखलेली माती, साधी माती, दोन्ही नमुने सीलबंद. पहिल्यांदा मीही वरवरच गेले. आज पहाटे चहा घेताना पुन्हा काढला. दुसऱ्या पानाच्या तळाशी, सह्यांच्या वर लिहिलेलं आहे: मयताचे शेतात पऱ्हाटी (कपाशी) उभी असून सहा तासांनंतर एक तास तुरीचा आहे, पूर्वेकडील धुऱ्यालगत तुरीचे दोन तास आहेत.

मोटारघर पूर्वेला आहे.

डिसेंबरात तूर केवढी असते हे मला कुणी सांगायला नको. मृगात पेरलेली तूर डिसेंबरात शेंगांनी लगडते, माणसाच्या डोक्याला लागते, बऱ्या जमिनीत डोक्याच्याही वर जाते. आमच्याकडे पोरं लपाछपी तुरीतच खेळायची. दोन तास लागून असले तर भरदिवसा पलीकडचा माणूस धड दिसत नाही, नुसतं हललेलं कळतं. रात्री, एका बल्बच्या उजेडात, या बाजूला उभं राहून त्या बाजूच्या माणसाचा चेहरा ओळखायचा, तोही खाली वाकून वार करणाऱ्याचा?

हे निकालपत्रात कुठेच नाही. उलटतपासात नाही, युक्तिवादात नाही. पंचनामा मात्र पंचाने शाबीत केलेला आहे, त्यावर निशाणी, म्हणजे कोर्टाचा पुराव्याचा क्रमांक, पडली आहे, म्हणजे तो पुरावा आहे. म्हणून मला वाटतं की आमच्या भागातली अपिलं वाचायला कायद्याइतकंच शेतही ठाऊक असावं लागतं. मोठ्या शहरात वाढलेल्या कुणाला 'तुरीचे दोन तास' हे शब्द दिसतील आणि नजर पुढे जाईल, यात त्याचा काही दोष नाही. मला मात्र ते दिसायलाच हवं होतं.

रविवार

त्या गावी जाऊन आले. मी पाहिलेलं कोर्टात सांगता येत नाही, वकील साक्षीदार होऊ शकत नाही. तरी जागा पाहिली की कागद वेगळा वाचता येतो, म्हणून शक्य असेल तिथे जातेच. पुढे बस नव्हती, तेव्हा पोराचा भाऊ दुचाकी घेऊन फाट्यावर आला.

याही वर्षी धुऱ्याला तूर आहे. मी मोटारघरापाशी उभी राहिले आणि त्या भावाला पलीकडे जायला सांगितलं. तो शेंगांच्या आड गेला. त्याचा पांढरा सदरा तेवढा मधूनमधून दिसत होता, आणि तेव्हा उन्हाची अकराची वेळ होती. मोटारघराच्या भिंतीवर होल्डर आहे, तो तेव्हाही होता का हे कुणाला खात्रीने सांगता आलं नाही. शेतीच्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, म्हणून तर माणसं थंडीत रात्री पाणी द्यायला जातात. त्या आठवड्यात या फिडरची पाळी कधीची होती? वीज असेल तरच मोटर चालणार आणि बल्बही लागणार. हेसुद्धा कुणी विचारलेलं नाही.

परत निघताना हातपंपाशी मयताची बायको भेटली. एकाच वाड्यात दोन्ही घरं, मधे फक्त कुडाची भिंत. तिने ओळखलं मी कोण ते.

"बाई, त्याले सोडवाले आल्या का तुमी?"

मी म्हटलं, शिक्षा बरोबर झाली का ते तपासायचं माझं काम आहे. ती काही बोलली नाही. घागर भरेपर्यंत मी उभी राहिले. तिला सांगितलं की सरकारी वकील तिची बाजू मांडतील, तिला स्वतःचा वकील देऊन त्यांना मदत करता येईल, आणि ३१ डिसेंबर २००९ पासून तर आरोपी निर्दोष सुटला तर पीडिताच्या कुटुंबालाही अपील करता येतं. तिच्या नवऱ्याला कुणीतरी मारलंच आहे. तो खरा कोण हे पक्कं झालं नाही तर तिच्यावरही अन्यायच होतो. हे मी तिला तिथे बोलू शकले नाही, इथे लिहिते.

अपिलाने नेहमी भलंच होतं असंही नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या निकालातही कागदच वाचले गेले होते. पोलीस ठाण्यात रात्री एकटी असलेली मुलगी आरडाओरडा का करत नाही, हे वाचणाऱ्याला कळलं नव्हतं.

सोमवार

तुरुंगात मुलाखत. पोरगा बारीक झाला आहे. सुतारकामाला लावलंय म्हणाला. मी तुरीचं विचारलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "बाई, मी वकीलसायबाले सांगतलं होतं, तिकडून दिसतच नाही. ते म्हणे, तू चूप राय."

आरोपीचा जबाब कोर्ट स्वतः घेतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५१ खाली. तिथे त्याला हे सांगता आलं असतं. प्रत्येक प्रश्नापुढे 'खोटे आहे' एवढंच लिहिलेलं आहे.

निकालाची प्रत त्याला फुकट मिळायला हवी होती, आणि वकील नसेल तर तोही सरकारी खर्चाने मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच होसकोट प्रकरणात सांगितलं आहे, आणि ते प्रकरण महाराष्ट्राचंच होतं. प्रत मिळाली होती. ती कुणी वाचून दाखवली नाही. अपिलाची मुदत ६० दिवसांची, ती टळली आणि विलंब माफीचा अर्ज करावा लागला. माझ्याकडे हे प्रकरण मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीतर्फे आलं तेव्हा इतके महिने वाया गेले होते.

बुधवार, गाडीत

पुलगावहून सकाळची गाडी. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू आहे, त्यामुळे सिव्हिल लाइन्सकडचे अर्धे रस्ते बंद, मोर्चे; शेवटचा पल्ला पायी.

शिक्षा स्थगितीचा अर्ज बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, होता. जुनं कलम ३८९, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४३०. अपील पूर्ण ऐकायला वेळ लागतो, म्हणून तोवर माणसाला बाहेर ठेवावं एवढीच मागणी. पण एकदा शिक्षा झाली की निर्दोष धरण्याचं गृहीतक उरत नाही. पुरावा नव्याने तोलायचा नाही, पाहताक्षणी नजरेत भरेल अशी खोट दाखवायची. जन्मठेपेत सरकार पक्षाला लेखी विरोध करायची संधीही द्यावीच लागते. १९७७ च्या कश्मीरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं की पाच-सहा वर्षं आत ठेवून शेवटी निर्दोष ठरला तर त्या वर्षांची भरपाई कोण करणार. तो परिच्छेद मी दर अर्जाला जोडते आणि जोडतच राहणार. माओवादी संबंधांच्या आरोपाखाली शिक्षा झालेला गडचिरोलीचा पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरला कैदेतच वारला. ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं, त्यात त्याचंही नाव होतं.

मी पंचनाम्याचं दुसरं पान दाखवलं. शेवटच्या ओळी वाचल्या. न्यायमूर्तींनी पान काढून स्वतः वाचलं आणि विचारलं, तुरीची उंची रेकॉर्डवर आहे का? नाही, हे सांगावं लागलं. मग म्हटलं, महिना रेकॉर्डवर आहे, पीक रेकॉर्डवर आहे, आणि डिसेंबरातली उभी तूर केवढी असते ही आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. सरकारी वकिलांनी उत्तरासाठी वेळ मागितला. तारीख नाताळच्या सुटीनंतरची मिळाली. नकार नाही, हेही काही कमी नाही.

वडिलांना फोन केला. वेचणी सोडून तारखेला येऊ का म्हणाले. नको, म्हटलं, मजुरी बुडवू नका, मी कळवते.

गुरुवार

फिडरच्या नोंदींचं काय करायचं यावर दिवसभर विचार केला. अपिलातही जादा पुरावा घेता येतो, जुनं ३९१, आता ४३२. पण न्यायालय ते सहज करत नाही, आणि नोंदी मागवून त्या रात्री वीज होती असं निघालं तर साक्षीदाराचा बल्ब मीच पक्का करून दिला असं होईल. नोंदी न पाहता अर्ज करायचा नाही, असं ठरवलं. आधी माहिती अधिकारात विचारायचं.

संध्याकाळी पोराचा भाऊ आला. अर्ज लिहून तयार होता: त्या महिन्यातलं त्या फिडरचं कृषिपंप भारनियमनाचं वेळापत्रक आणि उपकेंद्रातली वीजपुरवठ्याची नोंदवही, साक्षांकित प्रत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट त्याने तहसीलसमोरून आणलं होतं. सही करताना त्याने विचारलं, किती दिवसांत येते? तीस दिवस, म्हटलं, नाही आलं तर पहिलं अपील तुझ्याच नावाने करू. उद्या तो स्वतः उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घेणार आहे.