कॉलेजातलं फुकटचं काम आणि आत्ताची नोकरी

"ताई, ईएसजीमध्ये यायचंय, कुठला कोर्स करू?" असे मेसेज हल्ली खूप येतात. (ईएसजी म्हणजे कंपनी पर्यावरण, समाज आणि स्वतःचा कारभार कसा सांभाळते याचा हिशेब, माझी नोकरी त्यातलीच.) मी उलट विचारते की कॉलेजात व्हॉलंटियरिंग काय केलंस, तर बहुतेक वेळा एमयूएनच्या, म्हणजे युएनच्या लुटुपुटूच्या अधिवेशनांच्या, सर्टिफिकेटांचे फोटो येतात. एमयूएन वाईट नाही हो, ब्लेझर घालून फ्रान्सची बाजू मांडायला मलाही जाम मजा यायची, पण नोकरीत त्यातलं फारसं काही कामी आलं नाही. कामी आलं ते कुणाला दिसतही नाही असं काम.

युएनच्या हवामान वाटाघाटींमध्ये तरुणांचा एक अधिकृत गट असतो, यंगो, त्याला २०११ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्याच्या वर्किंग ग्रुपमध्ये घरबसल्या काम करता येतं. मी शेतीवाल्या ग्रुपमध्ये होते, कारण २०१७ च्या कॉपमध्ये (युएनची दरवर्षीची हवामान परिषद) शेतीवर कोरोनिविया नावाचं काम सुरू झालं होतं आणि त्यावर देश, संघटना सगळे लेखी म्हणणं पाठवायचे. आता हे ऐकायला भारी वाटतं, पण माझं काम काय, तर मिनिट्स लिहायच्या, केनिया, पेरू, फिलिपिन्सच्या मुलांच्या कमेंट्स एका गूगल डॉकमध्ये आणायच्या, दोघांचं पटत नसेल तर दोघांनाही चालेल असं वाक्य शोधायचं आणि डेडलाइनच्या आत पाठवून द्यायचं. बास.

आणि आज मी पगार घेऊन तेच करते! सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा ईएसजी अहवाल सक्तीचा केलाय, त्यात वीज, पाणी, कचरा, कामगारांची सुरक्षा सगळं भरायचं असतं. पण जनरेटरला किती डिझेल लागलं ते मेंटेनन्सवाल्या काकांच्या रजिस्टरमध्ये असतं, कामगारांचे आकडे एचआरकडे, आणि मेलला दोघंही उत्तर देत नाहीत. मग प्लांटवर जायचं, चहा घ्यायचा, रजिस्टर मागायचं. (हे कसब मात्र मला युएनने नाही, एनएसएसच्या कॅम्पने शिकवलं.)

दुसरा फायदा नंतर कळला. चाकणला नट-बोल्ट बनवणारे एक मालक आहेत, त्यांना युरोपच्या गिऱ्हाइकाकडून अचानक भलीमोठी एक्सेल शीट आली, एका टनामागे किती कार्बन ते सांगा म्हणून, ते सीबॅम, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन कराची व्यवस्था, ऑक्टोबर २०२३ पासून युरोपने स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरेसाठी सुरू केलेली. मालक भडकले, "आमच्या मालावर यांचा कर कशाला?" मी म्हटलं काका, कॉपमध्ये भारत आणि चीनही हेच म्हणतात, पण तिकडच्या कारखान्यांना कार्बनचे पैसे मोजावे लागतात म्हणून ते बाहेरच्या मालालाही लावतायत. त्यांचा राग गेला नाही, पण शीट भरायला बसले. शीट कशी भरायची हे कोर्सवाल्यांनाही येतं, ती कुठून आणि का आली हे मला वाटाघाटी फॉलो करायच्या सवयीमुळे सांगता आलं.

अशा कंटाळवाण्या कामातून काय होऊ शकतं ते बघायचं तर वानुआतू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशाकडे बघा. २०१९ मध्ये तिथे कायदा शिकणाऱ्या २७ मुलांनी ठरवलं की हवामानाचा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. त्यांनी पॅसिफिकमधल्या सरकारांना पत्रं लिहिली, वानुआतू सरकारने ते उचलून धरलं, मार्च २०२३ मध्ये युएनच्या आमसभेत न्यायालयाचं मत मागवायचा ठराव एकमताने झाला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाचं मत आलं, की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. आता माझ्या क्षेत्रातल्या लोकांना ते मत वाचावंच लागतं.

एक गोष्ट मात्र खटकते. हे सगळं बिनपगारी, त्यामुळे घरून पैसे येणाऱ्यांनाच जमतं. माझ्यासोबतच्या ज्या मुली ‘कमवा आणि शिका’ मध्ये काम करायच्या, त्यांना रात्री अकराच्या झूम कॉलला बसा कोण सांगणार? आणि मग मुलाखतीत "इंटरनॅशनल एक्सपोजर" विचारतात, म्हणजे त्या पहिल्याच राउंडला बाहेर. आमच्या टीममध्ये भरती असते तेव्हा मी तो प्रश्न विचारत नाही, एक अर्धवट भरलेली शीट देते आणि उरलेले आकडे कुणाकडून कसे काढशील ते विचारते.

ज्यांना वेळ काढता येतो त्यांनी वर्किंग ग्रुप जरूर जॉइन करा. पहिल्या कॉलला "मिनिट्स कोण लिहिणार?" विचारतील तेव्हा हात वर करा, दुसरं कुणी करत नाही.