रिक सँटोरो गप्प होतो तेव्हा

दहाव्या मिनिटाला ताईने विचारलं, "हा माणूस सारखा ओरडतोय का गं?" मी म्हटलं, "थांब, अजून पाच मिनिटं ओरडू दे त्याला."

'स्नेक आइज' मी काल रात्री तिसऱ्यांदा पाहिला. १९९८ सालचा, ब्रायन डी पाल्माचा. अटलांटिक सिटीतला कॅसिनो, त्याला लागूनच अरीना, आत हेवीवेट बॉक्सिंगची लढत आणि बाहेर समुद्रावरून येणारं वादळ. हजारो प्रेक्षकांदेखत अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्याला गोळी लागते. त्याच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला नौदल अधिकारी केव्हिन डन (गॅरी सिनीस) नेमका तेव्हाच जागेवर नसतो. त्याचा लहानपणापासूनचा मित्र, पोलीस डिटेक्टिव्ह रिक सँटोरो, रिंगसाइडला बसलेला असतो. तो निकोलस केज. (पुढे सगळं कथानक फोडणार आहे. पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

केजने यात भयंकर ओव्हरॲक्टिंग केली आहे, असं बहुतेक जण म्हणतात. मला ते पटत नाही आणि का पटत नाही ते मला नीट सांगायचं आहे. सुरुवातीचा साधारण तेरा मिनिटांचा शॉट सलग वाटतो. त्यात कट आहेत, पण बेमालूम लपवलेले. या तेरा मिनिटांत रिक टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर घुसतो, एका पंटरच्या मागे धावून त्याच्याकडून पैसे काढतो आणि तेच पैजेवर लावतो, एकाच फोनवर बायकोशीही बोलतो आणि मैत्रिणीशीही, ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बॉक्सरला भेटतो. मी हा भाग एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला. तेव्हा त्याचे हात दिसले. भेटेल त्याच्या खांद्यावर, पाठीवर, गालावर. हा माणूस समोरच्याला क्षणभरही मोकळं सोडत नाही, कारण कुणी शांतपणे त्याच्याकडे पाहिलं तर त्याचं पितळ उघडं पडेल. त्याचं ओरडणं हा त्याचा धंदा आहे. सगळं गाव आपलं आहे, असं तो दिवसभर गावालाच पटवत असतो. हीच भूमिका कुणी संयमाने केली असती, तर रिक नुसता एक भ्रष्ट पोलीस उरला असता.

याच शॉटमध्ये डी पाल्माने एक जबरदस्त गोष्ट केली आहे. लढत सुरू होते, पण आपल्याला ती दिसत नाही. कॅमेरा केजच्या तोंडावर. तो उठतो, किंचाळतो, हवेत ठोसे मारतो. गर्दीचा आवाज फक्त कानावर. म्हणजे ठोसा बसला की नाही, हे आपण रिकच्या चेहऱ्यावरून ठरवतो, आणि तिथेच फसतो. पुढे तो टेप मागवून पाहतो तेव्हा कळतं की बॉक्सरला आडवा करणारा तो ठोसा लागलाच नव्हता. पडद्यावरचा सगळ्यात जास्त बोलणारा माणूस सगळ्यात कमी पाहत होता. तो आरडाओरडा नसता तर ही फसवणूक साधली नसती.

मग सिनेमा घसरतो, ते का? माझ्या मते दोष पटकथेच्या मांडणीत आहे, आणि डेव्हिड केपसारख्या पटकथाकाराकडून तो अपेक्षित नव्हता. या कटामागे डनच आहे, हे आपल्याला अर्ध्यातच कळतं. रिकला ते कळायच्या बरंच आधी. 'कुणी केलं' ही उत्सुकता तिथेच संपते. आता उत्सुकता हवी ती 'मित्राचं कळल्यावर रिक काय करेल' याची. पण सिनेमा मधल्या काळात पाठलाग करत बसतो. क्षेपणास्त्र-संरक्षण यंत्रणेच्या चाचण्यांतली बनवाबनवी हे कटाचं कारण, आणि ते मंत्र्याला ही बनवाबनवी सांगायला आलेल्या ज्युलियाच्या (कार्ला गुजिनो) तोंडून भराभर सांगून उरकलं आहे. एवढ्या मोठ्या खुनाला हे कारण पुरत नाही. या भागातही एक शॉट मात्र डोळ्यांतून जात नाही: कॅमेरा हॉटेलच्या खोल्यांवरून, जणू छतच नाही असा, एकीवरून दुसरीवर सरकत जातो आणि प्रत्येक खोलीत वेगळंच आयुष्य चाललेलं असतं.

शेवट तर फारच लंगडा. सिनेमाभर वादळ वाढत राहतं. मुळात शेवटी प्रचंड लाट कॅसिनोत घुसते असं चित्रित केलं होतं, ते नंतर काढून टाकलं. त्यामुळे एवढ्या वादळाला धड शेवटच नाही. गुंता सुटतो तो योगायोगाने.

मी ताईला थांबवलं होतं ते जिन्यातल्या प्रसंगासाठी. ज्युलिया रिकला सांगते की हे सगळं तुझ्या मित्राने केलंय. तो नेहमीसारखाच अंगावर येतो, ओरडतो, तिला खोटी ठरवू पाहतो, पण या ओरडण्यात जोर नाही. ताई म्हणाली, "आता घाबरलाय तो." अगदी बरोबर. पुढे डन त्याला दहा लाख डॉलर देऊ करतो आणि आयुष्यभर पैसे खात आलेला रिक ते नाकारतो, तेव्हा केज फार कमी करतो. आधीचा तासभर कानठळ्या बसल्या म्हणूनच ती शांतता ऐकू येते.

आणि त्याला मिळतं काय? आधी सत्कार, टीव्हीवर कौतुक. मग तेच टीव्हीवाले त्याची जुनी पापं उकरतात. नोकरी जाते, बायको जाते, मैत्रीण जाते, तुरुंगवास समोर दिसतो. समुद्रकाठच्या लाकडी फरसावर तो ज्युलियाशी बोलतो, हात जवळजवळ खिशातच. इथला केज मला सगळ्यात जास्त आवडतो. सुरुवातीचा तो माणूस हाच, असं वाटतही नाही, आणि तरी तोच असतो.

त्यानंतर श्रेयनामावली चालू असताना कॅमेरा बांधकामावर हळूहळू जवळ जवळ जात राहतो. काँक्रीटच्या खांबात एक लाल खडा चमकतो. कटात सामील असलेल्या एका लाल केसांच्या बाईची अंगठी. ताईने रिमोट माझ्या हातातून घेतला, थोडं मागे नेलं आणि तो खांब पुन्हा पाहिला.