वासे मोजताना

मला एक वाईट खोड आहे. कुणाच्याही घरात शिरले की माझी मान आधी वर जाते. हल्लीच्या घरांत वर पंख्याशिवाय बघण्यासारखं काही नसतं, तरी जाते.

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेले होते. एका दुपारी तिने ससेक्समधल्या सिंगलटनला नेलं. तिथे जुनी घरं आणून मांडलेलं मोठं संग्रहालय आहे. पाऊस भुरभुरायला लागला म्हणून आम्ही ‘बेलीफ’ नावाच्या शेतघरात घुसलो. घर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आडवा बोळ, त्याच्या एका अंगाला कोठीच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीला बटरी म्हणतात, पण तिचा लोण्याशी काही संबंध नाही, तिथे बिअरची पिंपं! दुसऱ्या अंगाला मुख्य दालन, थेट आढ्यापर्यंत उघडं. धुराडं नाही. विस्तव जमिनीच्या मधोमध, आणि धूर कौलांच्या फटींतून वाट मिळेल तसा जातो. खिडक्यांना काचा नाहीत, नुसते उभे लाकडी गज. भिंती चक्क कुडाच्या. आपली कारवी, त्यांची हेझलच्या फांद्यांची विण. वर लिंपण मातीचं, गवताचं आणि शेणाचं. साहेबाच्या भिंतीला शेण बघून मला उगाचच बरं वाटलं.

डोळे चुरचुरले आणि मान वर गेली. वासे काळे कुळकुळीत. मी मोजायला लागले.

“खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत गं,” आजी म्हणायची. मे महिन्यात आजोळी जेवणं झाली की सारवलेल्या जमिनीवर आडवं व्हायचं आणि वर बघत मोजायचं. दाराकडून सुरुवात. पहिले पंधरा-सोळा स्वच्छ दिसत. चुलीच्या बाजूला नजर सरकली की वासे काजळीत बुडायचे आणि मोजणी चुकायची. पुन्हा दारापासून.

तिकडच्या सुतारांची पद्धत मला फार आवडली. सगळा सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवून बघायचा, सांध्यासांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरायचे, मग सोडवून जागेवर नेऊन उभा करायचा. रोमनच का, तर सरळ रेघा पटाशीला सोप्या. हे घर तर दोनदा उभं राहिलंय. मुळात ते केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. बाउ बीच धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं लाकूड न् लाकूड सोडवलं आणि इथे आणून पुन्हा जुळवलं. घर फिरलं की वासेही फिरतात, ते असे! आपल्याकडे उजनीचं पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं. घरं काही वर येत नाहीत.

आजोळचं घर धरणात गेलं नाही. मामाने पाडून स्लॅबचं बांधलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. दर पावसाळ्यात कौलं चाळायला चढणारा तोच होता. वासे गावातल्या कुणी जळणाला नेले. एकावरही आकडा नव्हता.

“आई, पाऊस थांबला,” लेक म्हणाली. मी म्हटलं, थांब जरा.

आजोळी एकवीस तरी होते. पुढचे काजळीत.