गाडीघर, नोंद ९ : ब्रेक लाइट आणि तो एक बोल्ट

मागच्या नोंदीत पाण्याची टाकी बसली होती आणि ‘आता थेट तोरणमाळ’ असं मी मोठ्या तोऱ्यात लिहून टाकलं होतं. जळगावहून निघालो आणि पारोळ्याच्या अलीकडूनच परत फिरलो. दिवेलागणीला ढाब्यावर शेवभाजी सांगून बसलो होतो, तर मागून आलेला केळीचा ट्रकवाला उतरून सरळ आमच्या बाजेपाशीच आला. म्हणाला, तुमचे ब्रेक लाइट लागतच नाहीत, दोनदा ठोकता ठोकता वाचलो. भाजी उतरली नाही नीट.

नव्या वाचकांसाठी : गाडी जुनी सतरा सीटर डिझेल. सीटा काढून आत पलंग, ओटा, कपाट केलंय. मागे दोन्ही बाजूंना २१/५ वॉटचे दोन तारांचे (फिलामेंटचे) बल्ब, म्हणजे ५ वॉट टेलला (पार्किंग लावलं की मागे पेटतो तो दिवा), २१ वॉट ब्रेकला.

पहिला रविवार वाया गेला. फ्यूज पाहिला, शाबूत. बल्ब नवे टाकले, फरक नाही. ब्रेक पेडलवरच्या स्विचच्या दोन्ही वायरी जोडून पाहिल्या, तेच. तरी पठ्ठ्याने स्विच उघडून, नट फिरवून परत बसवला. (याची शिक्षा पुढे आहे.) मग मल्टिमीटर घेतला. काळी पिन बंपरच्या बोल्टला, लाल पिन होल्डरच्या आतल्या टोकाला, मुलाला ब्रेक दाबायला सांगितलं : १२.४ व्होल्ट. करंट येतोय, बल्ब नवा, मग पेटत का नाही? मे महिन्यातलं जळगावचं ऊन डोक्यावर, पत्र्याला हात लावायची सोय नाही. दुकान बंद केलं.

दोन खुणा मात्र वहीत लिहून ठेवल्या होत्या. एक, दिवसा ब्रेक दाबला तर मागे मंद लाली यायची, पण पार्किंग लावलं की तीही गायब. दोन, दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा मीटरचा दिवा मिणमिणायचा. दुसरी खूण मी भास समजलो होतो.

गल्लीतले नाना पूर्वी अजिंठा चौफुलीला ट्रकांची वायरिंग करायचे. त्यांना वही वाचून दाखवली. गाडीकडे न बघताच म्हणाले, “भाऊ, करंट जाई राह्यना, पन परतीना रस्ताच नही शे.”

म्हणजे करंट जातोय, पण परतीचा रस्ताच नाही. हा परतीचा रस्ता म्हणजे ‘अर्थ’ (अर्थिंग) : बल्बमधून गाडीच्या लोखंडी बॉडीवाटे बॅटरीकडे. बल्बच्या दोन्ही तारांचं एक टोक पितळी टोपीत एकत्र येतं आणि टोपीवाटे बॉडीला जातं. ती वाट बंद झाली की ब्रेकचा करंट २१ वॉटच्या तारेतून येतो, अडतो आणि उलटा ५ वॉटच्या तारेत शिरतो. तिथून टेलच्या वायरीने पुढे जाऊन मीटरचे दिवे, पुढचं पार्किंग यांच्यातून बॉडी गाठतो. मीटरचा दिवा मिणमिणणार नाही तर काय! आणि पार्किंग लावलं की टेलच्या वायरीवरही बारा व्होल्ट. दोन्हीकडून सारखाच जोर, मग हलणार कोण?

माझी चूक काळ्या पिनेची होती. मी ती चांगल्या बोल्टला लावत होतो, बल्बचा अर्थ तपासलाच नव्हता. नानांनी काळी पिन बंपरलाच ठेवली, लाल पिन होल्डरच्या पितळी कडेला लावली आणि ब्रेक दाबायला सांगितला. तिथे शून्याच्या आसपास यायला हवं. आले ७.८ व्होल्ट.

दोन्ही दिव्यांचा अर्थ मिळून एकाच काळ्या वायरीने कपाटामागे गेलेला. प्लायवूडचे अकरा स्क्रू काढले. मागच्या क्रॉस मेंबरवर (सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर) एक बोल्ट, त्याखाली लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), आणि लगाखाली सुंदर, जाड, तपकिरी रेड ऑक्साइड. दिवाळीत मीच मारलेला. गंज लागू नये म्हणून! रंगावरच लग आवळला होता, आणि रंगातून करंट जात नाही. इतके महिने तो बोल्टच्या आट्यांच्या भरवशावर चालला, आणि आट्याही गंजल्या.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर, नवा लग, दातेरी वॉशर, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही, नंतर. पुन्हा मीटर : ०.०६. ब्रेक दाबल्यावर समोरची भिंत लालभडक.

आणि पाय काढला तरी लालच! पहिल्या रविवारी फिरवलेला तो नट. पेडल वर आलं तरी स्विचची दांडी पूर्ण दबत नव्हती, आणि ती दबल्याशिवाय दिवा विझत नाही. स्विच दोन आटे पुढे घेतला, चेकनट आवळला. मुलगा तोवर खेळायला पळाला होता, म्हणून सीट आणि पेडल यांच्यात झाडूचा दांडा अडकवून एकट्यानेच मागे जाऊन पाहिलं. जमतं.

एलईडी बल्ब टाका, असं तिघांनी सुचवलं होतं. अर्थ नसता तर त्यांनीही तेच रडगाणं गायलं असतं.

नंबर प्लेटचा दिवा अजून खड्ड्यात लुकलुकतो. त्याचा अर्थ वेगळ्या बोल्टवर आहे, आणि तिथेही मी रंग मारलाय. पुढच्या रविवारी तो, मग तोरणमाळ.